फळझाडांचा ताण : अंदाजाकडून मापनाकडे



महाराष्ट्रातील फळबागायतदारांच्या बोलीत ‘ताण’ हा शब्द फार जुना आहे. मोसंबी, संत्री, डाळिंब यांच्या बागेत बहार धरावयाचा म्हणजे प्रथम झाडाला ताण द्यावयाचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाणी तोडले जाते, झाडाची वाढ थांबते, काही पाने पिवळी पडून गळतात आणि नंतर पाणी दिले की झाड फुलांनी लगडून जाते. येथे ताण हा उपचार आहे. पण त्याच बागेवर दुष्काळाचा घाला पडला की तोच ताण झाडाचा प्राण घेतो. 2012-13 च्या दुष्काळात जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि बीड या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. हाताशी आलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालविण्याची वेळ अनेक कुटुंबांवर आली.

औषध आणि विष यांत जो फरक असतो तो बहुधा मात्रेचा असतो. बहाराचा ताण आणि दुष्काळाचा ताण यांतही फरक मात्रेचाच आहे. मात्रा म्हटली की माप आले. ताण मोजता येतो का, कशाने मोजता येतो आणि मोजून उपयोग काय, या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. ज्वारी-बाजरीचे पीक गेले तर एक हंगाम जातो. मोसंबीची बाग गेली तर नवीन झाड व्यापारी उत्पन्नावर येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाल्यापासून राज्यातील कोरडवाहू भागांतही फळझाडे मोठ्या संख्येने उभी राहिली. त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही.

ताण म्हणजे नेमके काय?

मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी अगदी थोडा भाग झाड स्वतःच्या शरीरात ठेवते. बाकीचे जवळजवळ सर्व पाणी पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफेच्या रूपाने निघून जाते. या वाफेच्या ओढीनेच मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा अखंड धागा वर चढतो. जमिनीत ओल भरपूर असते तोवर हा धागा सैल असतो. ओल कमी झाली, किंवा हवा कोरडी होऊन वाफ वेगाने निघू लागली, की धागा ताणला जातो. शेतकऱ्याने योजलेला ‘ताण’ हा शब्द या दृष्टीने शास्त्रीयही आहे. झाडातील पाणी खरोखरच ताणलेल्या अवस्थेत असते.

हा ताण वाढू लागला की त्याचे परिणाम ठरावीक क्रमाने होतात. सर्वांत आधी नव्या पेशींचे फुगणे मंदावते, म्हणजे कोवळ्या फुटीची आणि फळाची वाढ खुंटते. मुळांकडून पानांकडे रासायनिक इशारा जातो व पर्णरंध्रे मिटू लागतात. रंध्रे मिटली की पाणी वाचते, परंतु त्याच दारातून आत येणारा कर्बवायूही अडतो आणि अन्ननिर्मिती घटते. काही झाडे या अवस्थेत पेशींमध्ये शर्करा, प्रोलिन यांसारखे पदार्थ साठवून पाणी धरून ठेवण्याचा प्रयत्न करतात. त्यानंतर फळगळ, पानगळ, बारीक मुळांची मर आणि शेवटी फांद्या वाळणे असा क्रम लागतो.

या क्रमातील महत्त्वाची गोष्ट अशी की, डोळ्यांना दिसणारी लक्षणे उशिराची असतात. मोसंबीचे पान जाड आणि चिवट असते. ते भाजीच्या पानासारखे चटकन लवत नाही. ते वळलेले किंवा निस्तेज दिसू लागते तेव्हा फळाची वाढ बऱ्याच दिवसांपूर्वी थांबलेली असू शकते. अनुभवी बागायतदाराची नजर मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु नजरेला जे दिसते त्याच्या आधीचे सांगण्याचे काम मापनच करू शकते.

तराजूपासून सुरुवात

झाडाचे पाणी मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न साध्या तराजूने झाला. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने कुंडीतील सूर्यफुलाचे झाड सकाळ-संध्याकाळ वजन करून त्यातून किती पाणी उडून गेले याचा हिशेब मांडला. द्राक्षवेल, सफरचंद आणि लिंबाच्या झाडावरही त्याने असेच प्रयोग केले. त्याचा ग्रंथ 1727 मध्ये प्रसिद्ध झाला.

तराजूवरच आधारलेली एक पद्धत आजही जगभर वापरली जाते आणि ती माध्यमिक शाळेलाही जमण्यासारखी आहे. तिला सापेक्ष जलांश काढणे असे म्हणता येईल. पान पूर्ण तृप्त असताना त्यात जितके पाणी मावते, त्याच्या शेकडा किती पाणी आज त्यात आहे, एवढेच ती सांगते. कृती सोपी आहे. झाडाच्या मध्यम उंचीवरील पूर्ण वाढलेली, निरोगी वीस पाने दुपारी देठासह तोडावीत, लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावीत आणि विलंब न लावता त्यांचे वजन करावे. हे ताजे वजन. मग देठ पाण्यात बुडतील अशा रीतीने पाने झाकलेल्या भांड्यात, अंधारात रात्रभर ठेवावीत. सकाळी वरचे पाणी टिपून पुन्हा वजन करावे. हे तृप्त वजन. शेवटी पाने सुमारे 70 ते 80 अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावीत. हे कोरडे वजन. ताज्या वजनातून कोरडे वजन वजा करावे, तृप्त वजनातूनही कोरडे वजन वजा करावे; पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणावे.

उदाहरणादाखल असे समजू की, वीस पानांचे तृप्त वजन 20 ग्रॅम आणि कोरडे वजन 8 ग्रॅम आले. म्हणजे पानांत जास्तीत जास्त 12 ग्रॅम पाणी मावते. पाणी मिळालेल्या झाडाच्या पानांचे ताजे वजन 19 ग्रॅम असेल तर त्यांत 11 ग्रॅम पाणी आहे व सापेक्ष जलांश सुमारे 92 टक्के झाला. शेजारच्या तहानलेल्या झाडाच्या तितक्याच पानांचे ताजे वजन 17 ग्रॅम असेल तर त्यांत 9 ग्रॅम पाणी आहे, म्हणजे 75 टक्के. हातात धरून जो दोन ग्रॅमांचा फरक कळणार नाही, तो हिशेबात इतका स्पष्ट दिसतो. सामान्यतः पुरेसे पाणी मिळणाऱ्या पानाचा आकडा 85 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान असतो. तो 70 च्या खाली गेला तर ताण गंभीर झाला असे समजावे.

दाबपात्र

दुसरे साधन अधिक अचूक आहे, पण खर्चिक. 1965 मध्ये पेर शोलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिचे तत्त्व मोठे सुबोध आहे. पान तोडले की त्यातील ताणलेला पाण्याचा धागा तुटतो आणि पाणी देठाच्या टोकापासून आत मागे सरकते. ते पान जाड पोलादी पात्रात ठेवावयाचे, देठाचे टोक झाकणाच्या छिद्रातून बाहेर काढावयाचे आणि आत नायट्रोजन वायूचा दाब हळूहळू वाढवावयाचा. ज्या दाबाला देठाच्या टोकाशी पाण्याचा ओलावा चमकतो, तेवढीच ओढ त्या पानातील पाण्यावर होती.

ही ओढ किती मोठी असते? मोटारीच्या चाकात साधारण दोन बार दाब असतो. भर दुपारी चांगले पाणी मिळणाऱ्या लिंबूवर्गीय झाडातही दहा बारच्या आसपास ओढ आढळू शकते. दहा बारची ओढ म्हणजे शंभर मीटर खोल विंधन विहिरीतून पाणी वर काढण्यास लागणारा जोर. दुष्काळात ही ओढ दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होते. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत दुपारच्या पानातील दहा बार ओढ ही पाणी देण्यास सुरुवात करण्याची खूण म्हणून दीर्घकाळ वापरली गेली आहे. मात्र तेथील आकडा जसाच्या तसा येथे लागू करणे योग्य नव्हे. हवा जितकी उष्ण व कोरडी, तितकी जमिनीत ओल असूनही ओढ वाढते. मराठवाड्यातील मे महिन्याची दुपार आणि कोकणातील मे महिन्याची दुपार यांचे मोजमाप एका आकड्याने होणार नाही.

या मापनात वेळेला फार महत्त्व आहे. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान ताण कमाल असतो. त्या वेळी मोजावयाचे पान आधी किमान तासभर चकचकीत कागदी वेष्टणात बंद ठेवले तर त्या एका पानाचा नव्हे, तर खोडातील पाण्याचा ताण कळतो. उजाडण्यापूर्वीची नोंद याहून वेगळे काही सांगते. रात्रभर पर्णरंध्रे मिटलेली असल्यामुळे झाडाला दिवसाची तूट भरून काढण्यास अवधी मिळतो. पहाटेही ओढ उतरलेली नसेल तर मुळांच्या कक्षेतच ओल उरलेली नाही, असा त्याचा अर्थ. दुपारची नोंद ही दिवसाची दमणूक. पहाटेची नोंद ही बागेची खरी प्रकृती.

पानाचा ताप आणि खोडाचा श्वास

पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 कॅलरी लागतात. म्हणून पाणी मिळणारे पान स्वतःला थंड ठेवते आणि पर्णरंध्रे मिटलेले पान तापते. माणसाचा ताप पाहावा तसा झाडाचा ताप पाहता येतो, हे तत्त्व घेऊन 1981 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी पीक-जलताण निर्देशांक मांडला. पूर्ण तृप्त पिकाचा निर्देशांक शून्य आणि वाफ पूर्णपणे थांबलेल्या पिकाचा एक, अशी ही मोजपट्टी आहे. दुरून तापमान दाखविणारी हातातील उपकरणे 2020 च्या साथीनंतर खेड्यापाड्यांतही परिचयाची झाली. तथापि, कपाळासमोर धरावयाचे वैद्यकीय उपकरण या कामी चालत नाही. त्याची मोजपट्टी शरीराच्या तापाभोवतीच आखलेली असते. कारखान्यांत वापरले जाणारे त्याच जातीचे उपकरण मात्र उपयोगी पडते. नोंद घेताना ते पानांच्या दाट भागावर रोखावे. मधल्या फटीतून तापलेली जमीन डोकावली तर आकडा फसतो.

आणखी एक पद्धत खोडावर लक्ष ठेवते. दिवसा झाड आपल्या ऊतींतील पाणीही खर्चते, त्यामुळे खोड केसाएवढे आकसते. रात्री ते पुन्हा फुगते. खोडावर बसविलेले सूक्ष्ममापक यंत्र हा चढउतार अखंड नोंदवते. आकसणे वाढत गेले आणि फुगणे अपुरे पडू लागले की ताण साचत चालला आहे, हे पानाने काही सांगण्याच्या आधी समजते.

जमिनीची साक्षही हवी

केवळ झाड पाहून निर्णय घेतला तर घात होऊ शकतो. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजली, तरीही झाड तहानलेलेच दिसते. पाणी भोवती असूनही कुजलेल्या मुळांना ते घेता येत नाही. अशा झाडाला दुष्काळी समजून आणखी पाणी दिले तर त्याचे मरण जवळ आणल्यासारखे होते. म्हणून झाडाची नोंद आणि जमिनीची नोंद नेहमी जोडीने घ्यावी.

जमिनीतील ओल मोजण्यासाठी ताणमापी नळी स्वस्त आणि सोपी आहे. सच्छिद्र मातीचे टोक असलेली ही पाण्याने भरलेली नळी मुळांच्या कक्षेत पुरली की, माती किती जोराने पाणी ओढते ते वरच्या घड्याळावर दिसते. तिची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. साधारण 80 ते 85 सेंटिबारच्या पुढे नळीत हवा शिरून ती निकामी होते; म्हणजे खरा दुष्काळ सुरू होतो तेथे तिचे काम संपते. काळी जमीन भेगाळली की टोकाचा मातीशी संपर्क सुटतो आणि आकडा खोटा येतो. त्यापुढच्या कोरडेपणासाठी जिप्समचे ठोकळे उपयोगी पडतात. काहीच नसेल तर गिरमिटाने दीड-दोन फुटांपर्यंतची माती काढून, वजन करून, वाळवून पुन्हा वजन करणे हा मार्ग सर्वांना खुला आहे.

दोन्ही नोंदी समोर ठेवल्या की निदान सोपे होते. जमीन कोरडी आणि पानही तहानलेले, तर पाणी द्यावे. जमीन ओली असून पान तहानलेले, तर मुळे तपासावीत. वरची माती कोरडी असून पान तृप्त, तर मुळांना खोलवर ओल मिळते आहे. त्या झाडाचे पाणी दुसऱ्या झाडाला देता येईल. टंचाईच्या दिवसांत या तिसऱ्या निदानाची किंमत एका टँकरएवढी असू शकते.

दिवस हे ताणाचे माप नव्हे

बहाराच्या ताणासंबंधी पाणी किती दिवस तोडावे, हाच प्रश्न बहुधा विचारला जातो. आंबे बहारासाठी डिसेंबरपासून महिना-दीड महिना पाणी तोडावे, असे उत्तर दिले जाते. ते ढोबळमानाने बरोबर आहे. परंतु हलक्या मुरमाड जमिनीत जो ताण पंधरा-वीस दिवसांत गाठला जातो, तो भारी काळ्या जमिनीत पन्नास दिवसांतही येईलच असे नाही. मध्येच अवकाळी पाऊस झाला तर मोजलेले सर्व दिवस वाया जातात. दिवस तेच, ताण मात्र निराळा. हलक्या जमिनीतील झाड ताणाने खचते आणि भारी जमिनीतील झाड फुलतच नाही. दोन्ही बागायतदार मग दोष नशिबाला देतात.

पंचवीस-तीस टक्के पाने गळाली म्हणजे ताण पुरला, ही जुनी खूण दिवसांपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, कारण ती झाडाकडून आलेली आहे. तिला आठवड्यातून एकदा काढलेल्या सापेक्ष जलांशाची जोड दिली तर ताण कोठपर्यंत आला आहे हे पानगळ होण्यापूर्वीच समजेल आणि हलके आंबवणीचे पाणी केव्हा द्यावे, त्यामागून चिंबवणीचे केव्हा, हे ठरविणे सोपे जाईल. अशा नोंदी चार-पाच वर्षे ठेवल्या तर त्या बागेची, त्या जमिनीची स्वतःची मोजपट्टी तयार होते. बाहेरून आणलेल्या कोणत्याही आकड्यापेक्षा ती अधिक खरी असते.

फळ की झाड?

दुष्काळात सर्वांत कठीण निर्णय असतो तो फळ ठेवावे की झाड वाचवावे हा. आंबे बहाराची फळे भर उन्हाळ्यात झाडावर असतात आणि विहिरीने तळ गाठण्याची वेळही तीच असते. फळे उतरवून टाकावयाची म्हणजे वर्षाच्या उत्पन्नावर स्वतःच्या हाताने पाणी सोडणे. म्हणून निर्णय पुढे ढकलला जातो आणि पुष्कळदा फळही जाते, झाडही जाते. येथे मापनाचा खरा कस लागतो. पहाटेची नोंद आठवड्यागणिक खालावत असेल आणि विहिरीतील उरलेले पाणी पावसाळ्यापर्यंत पुरणार नसेल, तर फळांचा भार वेळीच कमी करणे, हलकी छाटणी करणे, बुंध्याभोवती पाचट, गवत किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन करणे आणि उपलब्ध पाणी ठिबकने किंवा मडक्याने थेट मुळांपाशी देणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. आकडा दुःख कमी करीत नाही. परंतु निर्णय आठ-पंधरा दिवस आधी घेण्याचे बळ देतो, आणि झाडाचे जगणे-मरणे बहुधा त्याच दिवसांत ठरते.

शासन, पंचायत आणि शाळा

केंद्र शासनाच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा, जलसाठे आणि उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती असे निर्देशांक विचारात घेतले जातात. तिच्या आधारे ऑक्टोबर 2018 मध्ये महाराष्ट्रातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. उपग्रहाचा डोळा विशाल आहे, पण त्याला प्रामुख्याने हिरवेपणा दिसतो आणि सदाहरित फळझाड आतून तहानलेले असतानाही काही काळ हिरवेच राहते. पैसेवारीची पद्धतही त्या हंगामाच्या पिकाचा अंदाज घेते. फळझाडाला बसलेला धक्का मात्र पुढच्या दोन-तीन बहारांत उमटत राहतो. म्हणून बागांच्या बाबतीत जमिनीवरील प्रत्यक्ष मापनाला पर्याय नाही.

हे काम फार मोठ्या खर्चाचे नाही. दाबपात्रासारखे साधन प्रत्येक गावाला परवडणार नाही. ते कृषी विज्ञान केंद्रात असावे आणि ठरलेल्या दिवशी फिरते राहावे. गावाने मात्र हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीतील प्रत्येकी एक बाग निवडावी. प्रत्येक बागेत काही झाडे नोंदीसाठी खुणेने निश्चित करावीत व त्यांजवळच एका झाडाला पुरेसे पाणी देऊन ते तुलनेसाठी राखावे. एकटा आकडा मुका असतो. तुलनेच्या झाडाशेजारी ठेवला म्हणजेच तो बोलतो. नोंद दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळी घ्यावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर पावसाच्या व विहिरीच्या पातळीच्या आकड्यांशेजारी लिहावी. टँकरचे किंवा शेततळ्याचे पाणी कोणत्या बागेला आधी, हा वाद ज्या गावांत उठतो, तेथे असा फलक सर्वांना समान दिसणारा साक्षीदार ठरेल.

विज्ञानाच्या शिक्षकांना यात विशेष स्थान आहे. टक्केवारी, सरासरी, आलेख आणि वनस्पतिशास्त्र यांचा इतका जिवंत धडा पुस्तकात सापडणार नाही. ज्या विद्यार्थ्याने आपल्याच बागेतील पानांचे वजन करून 92 आणि 75 यांतील अंतर पाहिले, तो उद्याचा बागायतदार म्हणून पाण्याच्या प्रत्येक पाळीचा हिशेब विचारल्याशिवाय राहणार नाही.

पाऊस पाडणे कोणाच्या हाती नाही. पडलेल्या पाण्याचा शेवटचा घडा कोणत्या झाडाच्या मुळाशी ओतावा, हे ठरविणे मात्र गावाच्या हाती आहे. झाड तहान लागल्याचे सांगत असते. त्याची भाषा पानाच्या वजनात, पानाच्या तापात आणि खोडाच्या आकसण्यात लिहिलेली असते. ती वाचण्यास तराजू, वही आणि आठवड्यातील एक दुपार पुरेशी आहे. येत्या हंगामात प्रत्येक फळबागायती गावाने एवढी तयारी केली, तर पुढच्या दुष्काळात कुऱ्हाड हाती घेण्याची वेळ पुष्कळ बागांवरून टळेल.